मंडईतला सातवा फोटो

कार्तिक लागला की माझा राग जागा होतो. इतरांना या दिवसांत थंडीची चाहूल लागते, हुरहूर वाटते, मलाही वाटते. पण त्या हुरहुरीच्या बुडाशी माझा एक जुना राग आहे आणि तो मी इतकी वर्षं निगुतीने सांभाळला आहे. कापलेलं धान शेताच्या बांध्यांमध्ये पडलेलं असतं, संध्याकाळच्या वाऱ्याला तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा वास असतो, बालाघाटच्या बसस्टँडवर उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या येऊन बसतात, आणि खेड्याखेड्यांतून निरोप यायला लागतात की आमच्याकडे अमक्या दिवशी मंडई आहे, या.

पुण्यामुंबईच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजी आठवते. आमच्याकडे, वैनगंगेच्या या अंगाला, मंडई म्हणजे जत्रा. भाऊबीज आटोपली की एकेक गाव आपापला दिवस धरतं. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, गुरं राखणारे गोवारी कवड्या शिवलेल्या बंड्या घालून नाचतात, जिलेबीच्या कढया चढतात, लाकडी पाळणे करकरत फिरतात. चार गावचे पाहुणे एका जागी जमतात, तेव्हा सोयरिकी जुळवायची कामंही तिथेच उरकतात. मोडलेल्या सांधायचीही.

यंदा दिवाळीला नातसून आली होती. मोठी कामसू पोरगी. भिंतीवरचा यमूआत्याचा फोटो तिने पुसायला काढला आणि म्हणाली, "आजी, किती पिवळा पडलाय हो. मी नीट करून देते." फोनमध्ये फोटो घेतला, बोटं फिरवली आणि पाच मिनिटांत मला दाखवला. डाग गेले होते, साडीला रंग आला होता, डोक्यावर पदर आला होता आणि आत्याचं तोंड मिटलं होतं. "हार घालायच्या फोटोत एवढं हसू बरं दिसत नाही ना," ती समजुतीने म्हणाली.

"हात लावू नको!" मी इतक्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरातून सून धावत आली. पोरीचा चेहरा पडला. तिची काय चूक? तिला माहीत नव्हतं की तो पदर आणि ते मिटलेलं तोंड माझ्या माहेरच्या घरात आधी एकदा येऊ पाहत होतं आणि आम्ही त्याला दारातूनच परत पाठवलं होतं.

नवं राज्य होऊन सातआठ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही नागपूरकडून तुटून भोपाळकडे जोडले गेलो होतो. बाबा कचेरीत कारकून. त्यांच्या टेबलावरचे कागद हिंदी झाले होते, पण घरात आमची तीच बोली होती. मी अठरा वर्षांची होते. थोरला भाऊ कॉलेजसाठी जबलपूरला गेला आणि जाताना नागपूरच्या मामाने त्याला दिलेला कॅमेरा घरीच विसरला. घडीचा कॅमेरा होता तो. झाकण उघडलं की छोटा भाता बाहेर यायचा, मिटलं की कोटाच्या खिशात मावायचा. पाठीला एक लाल काचेची खिडकी. तीत आकडा दिसायचा, एक ते बारा. बारा झाले की रोल संपला. भावाला पत्र पाठवून कॅमेरा विसरल्याचं कळवावं असं मला अजिबात वाटलं नाही.

आणि घरात यमूआत्या होती. बाबांची धाकटी बहीण, बत्तीस वर्षांची. तिचं लग्न तुमसरला झालं होतं. दोन वर्षांनी नवऱ्याने तिला माहेरी पोचवलं ते परत नेलंच नाही, दुसरीच एक बाई घरात आणून बसवली. अशा बाईला तेव्हा टाकलेली म्हणत. वस्तूला म्हणावं तसं. टाकलेलीने नीटनेटकं राहायचं, पण फार नाही. कुंकू लावायचं, पण लहान. आणि हसायचं नाही, कारण ती हसली तर नवरा म्हणणार, बरीच मजेत दिसते, मग मी कशाला नेऊ? नऊ वर्षं आत्याने हे सगळं पाळलं होतं. त्यात तिचा पुढचा एक दात वाकडा. कधी चुकून हसू फुटलंच तर तिचा हात आपोआप तोंडावर जायचा.

वारासिवनीच्या अलीकडे आमचं मूळ गाव. छोट्या रुळांच्या आगगाडीने आम्ही सगळे मंडईला निघालो. बाबांना तिथे काम होतं, आणि ते काम आत्याचं होतं. तुमसरकडचा मध्यस्थ, नानाजी, मंडईला येणार होता. नवऱ्याची ती दुसरी बाई निघून गेली होती आणि सासू अंथरुणाला खिळली होती. नऊ वर्षांनी त्या घराला आठवण झाली होती ती आत्याची नव्हे, चुलीची. बाबांना मात्र ते देवाने उघडलेलं दार वाटत होतं. मी कॅमेरा ओढणीत गुंडाळून नेला होता.

मंडईत फोटो काढणं म्हणजे काय असतं, ते ज्याने काढले त्यालाच ठाऊक. कॅमेरा दिसला रे दिसला की हसतं-बोलतं माणूस खांब व्हायचं. हात मांड्यांना चिकटलेले, डोळे फाडलेले, श्वास छातीत कोंडलेला. जिलेबीवाल्याला मी म्हटलं, "काका, तळत राहा, तसाच काढते," तर त्याने झारा खाली ठेवला, कढईखालचा जाळ ओढला आणि अंगात धुवट सदरा चढवून आला. एक म्हातारेबुवा म्हणाले, "थांब बाई, दाढी करून येतो," आणि खरंच पिंपळाखालच्या न्हाव्यापुढे जाऊन बसले. अर्ध्या गालाला साबण असतानाच मी तो फोटो घेतला. ते उखडले, मग हसले, आणि न्हावी त्यांच्याहून जास्त हसला. बांगड्यांच्या दुकानाशी एका आजीचा मी कमरेपर्यंतचाच फोटो काढला. ते कळल्यावर आजी हात धुऊन माझ्यामागे लागली.

"माहे पाय कुठं गेले?"

"आजी, चेहरा मोठा यावा म्हणून अर्धाच घेतला."

"अर्धाच काहून? मी का अर्धी आहो? पुरी काढ."

तिच्या पायांसाठी मला आणखी एक आकडा खर्च करावा लागला. गोवाऱ्यांचा नाच घ्यायला गेले तर ते मेले थांबेनात. कॅमेऱ्याच्या डब्यातल्या कागदावर छापलं होतं की हलणाऱ्या वस्तूंचे फोटो घेऊ नयेत. मी तो कागद मनातल्या मनात फाडून टाकला. मंडईत न हलणारी वस्तू एकच होती, आंब्याखालची खाट. तिच्यावर बाबा आणि नानाजी डोक्याला डोकं लावून बसले होते.

लाल खिडकीत सातचा आकडा आला तेव्हा मी पाळण्याशी होते. चार पेट्यांचा लाकडी पाळणा, दोन गडी हातांनी फिरवायचे. आत्याला मीच ढकलून बसवलं होतं. ती नको नको म्हणत बसली, हातात शिंगाड्यांचा पुडा घेऊन. पहिल्या फेरीला तिने डोळे मिटले. दुसऱ्या फेरीला किंचाळली. तिसऱ्या फेरीला पाळणा वरून खाली झेपावला तेव्हा तिचा पदर उडून मागे गेला, केस सुटले, आणि तिच्या पोटातून असं हसू आलं की खाली उभी असलेली अनोळखी माणसंही हसायला लागली. मी नऊ वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. पाळणा खाली येऊन क्षणभर रेंगाळला, मी खटका दाबला. तिने मला पाहिलं. हात उचलला, तोंड झाकायला.

त्या फोटोत तो हात आहे. छातीपाशी पोचलेला, धूसर, वाटेतच. तोंड मात्र लख्ख आहे. वाकड्या दातासकट.

उतरल्यावर ती खाटेच्या बाजूने आली तेव्हा नानाजी बाबांना सांगत होता, "एक फोटो धाडा. कशी दिसते, काम करन्याजोगी हाय का नाई, पाहून सांगतो म्हनते तो." हे आत्याने ऐकलं. मीही ऐकलं. बाबा मान हलवत होते. आत्याने उरलेले शिंगाडे माझ्या हातात दिले आणि परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. तेव्हापासून माझ्या पोटात जो राग पेटला तो आजतागायत.

बालाघाटला मी रोल धुवायला टाकला तो मिश्रीलालजींच्या स्टुडिओत. या माणसाला आमच्या गावात मान होता, कारण तो माणसांना दुरुस्त करायचा. मिटलेले डोळे उघडून द्यायचा, काळ्याला गोरं करायचा, मेलेल्या नवऱ्याला बायकोच्या शेजारी आणून बसवायचा. माझा स्वतःचा, स्थळांना दाखवायचा फोटो त्यानेच पुढे काढला. "मुस्कुराना नहीं बेटी, बस सोचो कि मुस्कुरानेवाली हो." त्या फोटोत माझ्या गालावरचा तीळ नाही. लग्नानंतर चार दिवसांनी नवऱ्याने मला विचारलं, हा कुठून आला? त्या काळचे आमच्याकडचे कुठलेही आल्बम काढून पाहा. सगळ्या बायका एकसारख्या दिसतात, गोऱ्या, मिटलेल्या आणि कशाची तरी वाट पाहत असलेल्या.

पण मिश्रीलालजींना चांगला फोटो कळायचा, हेही खरं. बारांपैकी सातवा त्यांनी मोठा करून दारातल्या काचेच्या कपाटात लावून टाकला. विचारायची पद्धत नव्हतीच. तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या कोणीतरी बाबांना सांगितलं, तुमच्या बहिणीचा फोटो मेन रोडवर पाहिला, फार छान हसतात. बाबा त्या संध्याकाळी घरी आले ते चप्पलसुद्धा न काढता.

"हे का हाय?" त्यांनी कपाटातून काढून आणलेला फोटो खाटेवर आपटला. "पदर नाई, केस मोकळे, दात काढून हसून राह्यली! तुमसरचं कोनी पाह्यलं तं काय म्हनन?"

"पाळण्यात बसली होती," आई म्हणाली. "पाळण्यात रडतात का कोनी?"

बाबांनी ते ऐकलं नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, "मिश्रीलालले सांगून आलो. डोक्यावर पदर काढून देतो, तोंड मिटून देतो म्हनाला. उद्या संध्याकाळी आनतो आन परवा तुमसरले धाडतो. यमू, आता तरी तुझं नशीब उघडू दे."

आत्या सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. खडा सापडला की तो अंगणात टाकायची, तेवढाच आवाज. मला वाटलं, ही मानणार. मला इतकं वाईट वाटलं की मी जेवले नाही. तुमसरला ती गेली तर सासूचं करता करता म्हातारी होणार, आणि जाणार कशाच्या जोरावर, तर माझ्याच फोटोच्या. तेही तोंड मिटवलेल्या.

दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत गेले आणि आत्या म्हणाली, "सुमे, चप्पल घाल."

मिश्रीलालजी खिडकीपाशी उतरत्या काचेच्या मेजावर वाकून बसले होते. काचेखाली आरसा, आरशातून वर येणारा उजेड, आणि त्या उजेडात माझी निगेटिव्ह. सुईसारखी टोक केलेली पेन्सिल बाजूला पडली होती. हातात ब्लेडचा तुकडा होता. त्यांनी कौतुकाने आम्हाला समजावून सांगितलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पेन्सिलने भरलं तर छापताना उजळ येतं, तसा पदर भरून झाला होता. आणि खरवडलं तर काळं येतं. "अब दाँत खुरचना है. दो मिनट का काम है."

पेन्सिल पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही. हे मला कळत होतं. त्यांनी ब्लेड खाली नेलं.

"हाथ मत लगाना," आत्या म्हणाली.

"बाईजी, भाईसाहब का ऑर्डर है."

"मुँह किसका हाय?"

ते गोंधळले. "आपका."

"तो ऑर्डर बी मेरा."

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक बसलं होतं, ते आमच्याकडे टकमक पाहू लागलं. आत्याने पदर सावरला नाही. मिश्रीलालजींनी ब्लेड ठेवलं. मग आत्याने त्यांना पदरही पुसायला लावला. कापसाचा बोळा ओला करून त्यांनी तो निगेटिव्हवरून अलगद फिरवला आणि तासाभराची मेहनत पुसून टाकली. माणूस कारागीर होता, त्याला वाईट वाटलं असणार. पण पुसून झाल्यावर त्यांनी निगेटिव्ह उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "वैसे, ऐसे ही अच्छा था."

"एक कॉपी और निकालो," आत्या म्हणाली. "डाक से भेजनी है."

दुपारपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो. कॉपी सुकली तेव्हा तिने मेजावरची तीच पेन्सिल मागून घेतली आणि फोटोच्या पाठीवर आपल्या चौथी पास अक्षरात लिहिलं : मी बरी आहे. येणार नाही. यमुना. पाकिटावरचा तुमसरचा पत्ता मी घातला, कारण माझं अक्षर वळणदार होतं. पोस्टाच्या पेटीपाशी ती थांबली. मला वाटलं, आता कचरणार. तिने पाकीट आत टाकलं, पेटीच्या तोंडात हात घालून ते खाली पडल्याची खात्री केली आणि म्हणाली, "शिंगाडे खाशीन का?"

त्या संध्याकाळी बाबा स्टुडिओतून रिकाम्या हाताने आले. त्यांना रस्त्यातच सगळं कळलं असावं, कारण ते ओरडले नाहीत.

"कोनी धाडला?"

"म्या."

"कोनता?"

"हसतानचा."

बाबा ओसरीवर मटकन बसले. "यमे, आता तं ते तुले कधीच नाई नेनार."

"हौ दादा. म्हनूनच धाडला."

मग बाबा ज्या आवाजात बोलले तो मी विसरले नाही, कारण तो रागाचा नव्हता. "माझ्यामागं तुले कोन पाहीन?"

"मीच पाहीन," आत्या म्हणाली, आणि दिवा लावायला उठली.

तुमसरहून उत्तर आलं नाही. पुढच्या मंडईत नानाजी भेटला, पण लांबूनच रामराम करून ऊस खात निघून गेला. बाबा आत्याशी होळीपर्यंत धड बोलले नाहीत, आणि होळीनंतर त्यांनीच तिला एक जुनी शिलाई मशीन आणून दिली, तेही न बोलता. त्या मशीनवर तिने अर्ध्या बालाघाटचे झंपर शिवले. मिश्रीलालजींनी कपाटात तो फोटो पुन्हा लावला, बाबांनी पुन्हा काढला नाही. चारपाच वर्षं तो तिथे होता. कधी कधी एखादी बाई झंपर टाकायला यायची आणि आत्याकडे निरखून पाहत म्हणायची, "काचेतल्या त्या तुम्हीच का?" आत्या म्हणायची, "हौ, मीच," आणि हसायची. तिचा हात मशीनच्या चाकावरच असायचा. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की तोंडाकडे जायची त्याची सवयच मोडली होती.

तेव्हा मला वाटायचं, मी तिला वाचवलं. आता इतक्या वर्षांनी तसं वाटत नाही. मी फक्त खटका दाबला होता, आणि तोही तिला न विचारता. तिने तो तसाच राखला नसता, तर तोंड मिटवून तो बाबांच्याच कामाला आला असता. माझा फोटो तिने आपल्या हाताने आपला करून घेतला. एवढं मात्र मी छातीठोक सांगते, की टाकलेली हा शब्द त्यानंतर आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. कारण कोणी कोणाला टाकलं होतं, ते तुमसरच्या टपालवाल्यालासुद्धा ठाऊक झालं होतं.

आत्या ऐंशीची होऊन गेली. दर मंडईला ती पाळण्यात बसायची, पुढे लोखंडाचे आणि विजेचे पाळणे आले त्यांतही बसली. गेली तेव्हा दिवसांना जमलेले नातेवाईक म्हणाले, जरा गंभीर फोटो नाही का? मी म्हटलं, नाही. खरं तर होते, भाच्यांच्या लग्नांतले दोनतीन. मी ते कपाटात कुलूप लावून ठेवले.

हे सगळं मी नातसुनेला सांगितलं. मग तिने फोनमधला तो पदर आणि ते तोंड पुसून टाकलं, मला दाखवून. फ्रेम भिंतीवर मीच परत लावली, स्टुलावर चढून, कोणाला हात लावू दिला नाही. हार थोडा वर बांधला, नाहीतर तो धूसर हात त्याच्यामागे जातो.

साठ वर्षं होत आली. तो हात अजून तोंडापर्यंत पोचलेला नाही, आणि मी आहे तोवर पोचू देणार नाही.